येसाक्काची वीत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. धामणवेळ्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. लाकूडही तेव्हा रस्त्यानं येत नसे, पाण्यानं येई. वर घाटात झाडं पडत, त्यांचे ओंडके वेलांनी एकमेकांना बांधले जात, आणि नदीचं पाणी जरा निवळलं की ते तिच्यावर सोडून देत. आपटत, अडत, वळणं घेत ओंडके खाली येत आणि खाडीच्या तोंडाशी थांबत. तिथं काठावर लाकडाची वखार होती. ज्याला घर बांधायचं असेल तो त्या वखारीत येई, आणि तिथं येसाक्का असे.

ती कुठली, कुणाची, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. कुणी म्हणत, ओंडक्यांबरोबर घाट उतरलेल्या एका लाकूडतोड्याची ती बायको. नवरा नदीत गेला आणि ही त्याचा गज हातात घेऊन वखारीत उभी राहिली. कुणी म्हणत, कसला नवरा नि कसलं काय, ती एका ओंडक्यावर बसून एकटीच आली. मला विचाराल तर पहिलं खरं असावं. पण गावाला दुसरं आवडतं, आणि गावाच्या आवडीपुढे कुणाचं चाललंय? तिचा गज मात्र सगळ्यांनी पाहिलेला. मापायची ती काठी खैराची होती, काळीभोर, आणि तिच्यावर तसूतसूच्या अंतरानं खाचा पाडलेल्या होत्या. त्या गजाला तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे. तिनं कधी तशी ताकीद दिली होती असं नव्हे; कुणाला लावावासाच वाटत नसे.

येसाक्का मापायला बसली की आलेल्याला 'किती हवं' असं आधी विचारायचीच नाही. लाकूड उभं राहणार की आडवं पडणार, त्याच्या डोक्यावर काय येणार, पाऊस कोणत्या अंगानं मारतो, असलं सगळं विचारायची. मग ओंडक्यांतून फिरायची, एखाद्यावर तळहात ठेवायची, त्याच्या कापलेल्या तोंडाला गाल लावून थोडा वेळ तशीच राहायची. आणि मग सांगायची की हे आज आठ बोटं जाड दिसतंय, पण सुकल्यावर सात भरेल; करवत आपला घास घेईल, रंधा आपला घेईल, तुझ्या घरात जाईल ते साडेसहा. साडेसहा पुरणार असेल तर ने. वर्षा-दोन वर्षांनी माणूस मुद्दाम मापून बघे, तर साडेसहाच भरे. "वलं लाकूड फुशारकी मारतं," असं ती म्हणायची, "सुकलं की खरं बोलतं."

पण हे झालं जाडी-रुंदीचं. लांबीचं तिचं शास्त्र वेगळं होतं. लाकूड जाडीला आटतं, लांबीला आटत नाही. म्हणून जाडी कमी पडली तर तो झाडाचा गुण, आणि लांबी कमी पडली तर तो माणसाचा दोष. त्यातून घाटातले लोक ओंडके ठरलेल्या लांबीचेच पाडत, नऊ हाती, बारा हाती नाहीतर पंधरा हाती. अधलंमधलं काही मिळत नसे. ज्याचं काम बारा हातांच्या जरासं वर जाई तो हमखास बाराच मागायचा आणि बघू, भागवू म्हणायचा. माणसाची जातच ती. येसाक्का त्याला पंधरा हाती घ्यायला लावायची. उरलेलं कापता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही, हे तिचं ठरलेलं बोलणं. आणि कापण्याआधी सांगितलेल्या मापाच्या पुढे ती आपला पंजा पसरायची, अंगठा ते करंगळी, आणि तेवढी वीत सोडून मगच कोळशाची रेघ ओढायची. पंजा होता लहानखुरा, पण त्या विती सगळ्या एकसारख्या भरत. रेघ ओढून झाली की ती म्हणायची, "पुरलं." ते ऐकल्याशिवाय करवतीवरची माणसं करवत उचलत नसत.

आणखी एक होतं. मापताना ओंडक्यावर कुणाची सावली पडली की येसाक्का गज उचलून धरायची आणि ती सावली हटेपर्यंत तशीच थांबायची. त्यामुळे वखारीत येणारा प्रत्येक जण उन्हाकडे तोंड करून उभा राहायला शिकला होता, म्हणजे सावली पाठीमागे पडते. एकदा कुणीतरी धीर करून तिला यामागचं कारण विचारलं. तिनं सांगितलं की मापलेलं लाकूड घराचं होतं, आणि मापलेली सावलीही घराचीच होते.

आता खाडीपलीकडे वरच्या वाडीत लखू भोवड राहायचा. हा गडी इतका उंच, की त्याच्या गोठ्याच्या दाराची चौकट रोज त्याच्या कपाळावर बसायची आणि रोज तो चौकटीला शिव्या द्यायचा. कपाळावर घट्टाच पडला होता. वाडीतली बायामाणसं त्याला हसत, तोही हसायचा. पण एका गोष्टीवर त्याला हसता येत नसे. त्याचं पहिलं मूल शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवलेल्या गवती झापाखाली जन्माला आलं होतं. भर पावसात, वाऱ्यात, वर धड छप्पर नाही. ते मूल राहिलं नाही. बायको देवकी तोंडानं काही बोलली नाही, आणि तेच लखूला जास्त लागलं. पुढचं मूल माझ्या घरात, माझ्या आढ्याखाली जन्माला येईल, असं तो स्वतःशी म्हणाला आणि जांभ्याचे चिरे फोडायला लागला.

आणि आता देवकीचे दिवस भरत आले होते. भिंती उभ्या झाल्या होत्या. वासे, रिपा जमा झाल्या होत्या. राहिलं होतं ते आढं, म्हणजे घराच्या माथ्यावरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारं मोठं लाकूड. ते चढलं की दोन्ही अंगांनी वासे टेकायचे आणि वर गवत घालायचं. ते नाही तर घर नाही.

सकाळी लखूनं अंबाडीची दोरी घेतली, एका भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ताणली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि दोरी कमरेला गुंडाळून निघाला. धरेस, म्हणजे होडी लागायच्या जागी पोहोचला तर हुसेन तांडेलाची होडी पलीकडे गेलेली. ओहोटी होती, पाणी कमरेएवढं. कशाला थांबा, म्हणून लखू तसाच पाण्यात शिरला आणि पलीकडे निघाला. चूक तिथं झाली. अंबाडीची दोरी भिजली की आवळते. पावसाळ्यात बाजेच्या दोऱ्या कशा ताठ होऊन बसतात, हे पोरंसोरंसुद्धा जाणतात. लखूही जाणत होता. पाण्यातून वर आल्यावर त्याला ते आठवलं, त्यानं दोरी पिळली, घोंगडीवर खसाखसा घासली आणि तो वखारीत गेला.

येसाक्कानं सगळं विचारलं. दोरी भिंतीच्या आतून धरली की बाहेरून, भिंतीवर टेकायला किती जाणार, वासे किती. लखूनं नीट सांगितलं. मग तिनं त्याच्या धोतराच्या ओल्या सोग्याकडे पाहिलं.

"लखू, दोरी भिजली काय रे?"

खरं सांगायचं तर परत जायला हवं होतं. दोरी उन्हात टाकायची, सुकली की पुन्हा ताणायची, पुन्हा भरती-ओहोटी बघून यायचं. तेवढ्यात देवकीला कळा लागल्या तर? मागच्या खेपेस असंच आज-उद्या करत छप्पर राहिलं होतं.

"नाय गो आक्का," तो म्हणाला. "कोरडी हाय."

दोरी येसाक्कानं हातात घेतली नाही. ज्याचं माप त्यानं सांगायचं, ही वखारीची रीत होती. लखूनं ताणून दाखवलेली दोरी बारा हातांच्या जरा आत भरत होती, तरी तिनं त्याला पंधरा हाती ऐनाचा ओंडका घ्यायला सांगितलं. लखू म्हणाला की एवढा मोठा होडीला बांधून न्यायचा कसा, आणि उरलेलं काय चुलीत घालू? त्याला तिथंच थांबायला सांगून ती वखारीच्या दुसऱ्या टोकाला पंधरा हाती ओंडका मोकळा करवायला गेली. जाताना गज ओंडक्याला टेकवून ठेवला.

लखू थांबला नाही. भरती चढायला लागली होती, हुसेन तांडेल हाका मारत होता. समोर बारा हाती ओंडका सरळसोट पडलेला. लखूनं गज उचलला. हाताला तो गार लागला, भर उन्हात. त्यानं दोरी ओंडक्यावर टाकली, गज फिरवून खात्री केली आणि कोळशाची रेघ ओढली. ऊन त्याच्या पाठीवर होतं. त्याची लांबलचक सावली ओंडक्यावर डोक्यापासून पायापर्यंत पडली होती, आणि त्याच सावलीत तो मापत होता. घाईत त्याला त्याचं भान राहिलं नाही. करवतीवरची माणसं घुटमळली. आक्कानंच सांगितलंय, असं लखू म्हणाला. एक खोटं बोललं की दुसरं आपोआप जिभेवर येतं. करवत गाठीच्या टोकावर चालली; पुढे वीत सोडलेली नव्हती. 'पुरलं' असंही कुणी म्हणालं नाही.

येसाक्का परतली तेव्हा खाली भुसा पडला होता. तिनं चिमूटभर उचलला, हुंगला आणि लखूकडे वळली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"ह्ये लाकूड नेऊ नको, लखू."

पण लखूनं ते नेलं. होडीला बांधलं, पाण्यातून ओढत नेलं, वाडीतल्या चार गड्यांच्या खांद्यावरून वर चढवलं. दोरी तोवर उन्हात कडकडीत सुकली होती. भिंतींवर ताणली तर ती या कडेपासून त्या कडेपर्यंत बरोब्बर पोहोचली. आढं मात्र पोहोचलं नाही. एका भिंतीवर ते बसलं, आणि दुसरीकडे भिंतीची आतली कड आणि लाकडाचं तोंड यांत एक वीत आणि वर चार बोटं एवढी फट राहिली.

सुतार म्हणाला, आढ्याला सांधा चालत नाही, दुसरं आण. लखूनं ऐकलं नाही. फटीच्या अलीकडे एक खांब उभा केला, आढ्याचं मोकळं टोक त्यावर टेकवलं, वासे चढवले, गवत घातलं. घर उभं राहिलं. फट तेवढी उघडी राहिली, तिच्यातून ऊन आत यायचं. तिथं नंतर काहीतरी करू, असं म्हणून लखूनं परांचीही उतरवली नाही. बांबूची ती परांची भिंतीला तशीच उभी राहिली.

काही दिवस गेले. एका सकाळी लखूनं वर पाहिलं आणि त्याला वाटलं, फट लहान झाली आहे. त्यानं बोटं घालून पाहिली. खरंच झाली होती. चार दिवसांनी आणखी झाली. आढं मुंगीच्या पावलानं भिंतीकडे सरकत होतं. लखू खूश झाला. देवाला काळजी, असं तो देवकीला म्हणाला. देवकीनं वर पाहिलं आणि पदर अंगभर ओढून घेतला. आढ्याचं भिंतीवरचं टोक होतं तिथंच होतं. म्हणजे ते सरकत नव्हतं, वाढत होतं. कापलेलं लाकूड कुठे वाढतं का?

मग तिनं आणखी एक पाहिलं. लखू गोठ्यातून बाहेर आला आणि शिवी ऐकू आली नाही.

"अवो," ती म्हणाली, "आज तुमी दारात वाकलात नाय. आनि डोकंबी आपटलं नाय."

लखू हसला. पुन्हा दारात जाऊन उभा राहिला. डोकं आणि चौकट यांच्यामध्ये त्याची दोन बोटं सहज गेली. तो तिथंच उभा राहिला आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं. धोतर हल्ली पायात येत होतं, ते त्याला आठवलं. कोयती ठेवायच्या खुंटीला हात पुरत नव्हता, तेही आठवलं. संध्याकाळी शेतावरून परतताना त्यानं खाली पाहिलं. उतरत्या उन्हात सगळ्यांच्या सावल्या बांधावरून लांबच लांब पडल्या होत्या. त्याची सगळ्यांत आखूड होती, आणि तिला डोकं नव्हतं. गळ्याशीच ती संपत होती, असं म्हणतात.

तरी तो गप्प राहिला. माझं जाईल तर जाऊ दे, छप्पर राहू दे, असं त्याला वाटत होतं. बापाचं मन, मंडळी, असा हिशेब करतं. पण सुईण आली, देवकीच्या पोटावर हात ठेवून बराच वेळ चाचपत बसली आणि म्हणाली, मागल्या वेळेपेक्षा पोर लहान लागतंय. गेल्या वेळी मी हात ठेवला तेव्हा हेच पोर मोठं होतं. देवकीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. लखूनं वर पाहिलं. फट अजून वीतभर होती. घराला अजून एवढं हवं होतं, आणि आता ते कुणाकडून घेणार, हे त्याला कळलं.

त्याच दुपारी तो खाडी ओलांडून वखारीत गेला. येसाक्का एका ओंडक्यावर बसली होती, मांडीवर गज आडवा. तो आला तसा तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत डोळ्यांनी मापलं. लखू तिच्यापुढे खाली बसला आणि रडायलाच लागला.

"आक्का, दोरी भिजली होती. मी खोटं बोललो. गज बी मीच उचलला."

"तेवा बोलला असतास," येसाक्का म्हणाली, "तर लाकडात भागलं असतं."

आढं उतरवू का, असं त्यानं विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. ज्या लाकडात सावली गेली ते उतरलं की माणूसही उतरतो, मग त्याला चार खांद्यांवरच न्यावं लागतं. देवकीला माहेरी पाठवू का? पोर बापाचं आहे, ते जाईल तिथं ती सावली जाईल. भरतीचं पाणी ओंडक्यांखालून सळसळत होतं. येसाक्का उठली, गज घेतला आणि होडीकडे चालू लागली. इतक्या वर्षांत तिनं कधी खाडी ओलांडली नव्हती. होडीत बसताना तिनं एकदाच मागे वळून वखारीकडे पाहिलं, असं हुसेन तांडेल मरेपर्यंत सांगत असे. होडीच्या कडेला तिची सावली पाण्यावर पडली होती, आणि पाणी हलत होतं पण सावली हलत नव्हती, असंही तो सांगे.

ती घराशी पोहोचली तेव्हा देवकीला कळा सुरू झाल्या होत्या. आतल्या खोलीत सुईण होती, दोघीतिघी शेजारणी होत्या. येसाक्कानं बाहेरच्या खोलीत उभं राहून वर पाहिलं. आढं ऐनाचं, सुंदर होतं. पश्चिमेचं ऊन फटीतून येऊन जमिनीवर पडलं होतं. तिनं गज भिंतीला टेकवला, पदर खोचला आणि परांचीवर चढली. लखू खाली परांचीचा बांबू धरून उभा राहिला.

वर पोहोचल्यावर तिनं उजवा हात पसरला. अंगठा भिंतीला लावला. करंगळी आढ्याच्या तोंडाला लावली. अगदी बरोबर बसली, ना कमी ना जास्त. मग ती तशीच उभी राहिली.

आतून देवकीचं कण्हणं येत होतं. लखूला आत जाता येत नव्हतं, वर बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. येसाक्काचा हात हळूहळू लाकडाच्या रंगाचा दिसायला लागला. उन्हामुळे असेल, असं त्याला वाटलं. जमिनीवरचा उन्हाचा पट्टा बारीक होत चालला. समोरच्या भिंतीवर तिची सावली पडली होती, ती आखूड व्हायला लागली. पायांकडून सुरू झाली, मग कंबर, मग खांदे. आक्का, आक्का, म्हणून त्यानं हाक मारली. तिनं खाली पाहिलं. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. एखादं अवघड माप जुळत आलं की वखारीत तिचा चेहरा जसा व्हायचा तसाच होता. त्याला ओरडावंसं वाटलं की खाली ये, मी देतो, माझंच राहिलेलं घे. पण आत देवकी ओरडली आणि ते बोलायचं राहूनच गेलं. त्या एका क्षणाचं त्याला पुढे जन्मभर वाईट वाटत राहिलं.

आणि मग मूल रडलं. चांगलं खणखणीत रडलं, सगळ्या वाडीला ऐकू गेलं. लखूची मान आपसूक दाराकडे वळली. तेवढ्यात डोक्यावरून, अगदी सहज, वखारीत ऐकू यायचा तसा आवाज आला.

"पुरलं."

त्यानं वर पाहिलं तेव्हा परांची रिकामी होती. फट नव्हती. आढं भिंतीला भिडलं होतं, आणि जमिनीवरचं ऊन गेलं होतं.

माणसं धावली, घराभोवती फिरली, विहिरीत डोकावली, माडांखाली पाहिलं. होडी घेऊन हुसेन तांडेल धरेवर बसून राहिला. ओहोटी लागली, पाणी उतरलं, चिखल उघडा पडला, तरी परत जायला कुणी आलं नाही. भिंतीला टेकवलेला गज तेवढा राहिला होता. दुसऱ्या दिवशी लखू परांचीवर चढला. आढं भिंतीला मिळालं होतं तिथं लाकडाचे पाच पट्टे पंख्यासारखे पसरले होते, एक आखूड नि चार लांब. त्यानं त्यावर हात ठेवला आणि झटकन काढला. लाकूड कोमट होतं.

मुलगी झाली होती. धडधाकट होती, वाढली, पुढे तिचा मोठा प्रपंच झाला. लखू मात्र जन्मभर चार बोटं आखूडच राहिला. गोठ्याच्या दारातून तो ताठ मानेनं जायचा, आणि प्रत्येक वेळी जाताना चौकटीला हात लावायचा. त्यानंतर तो कधी खोटं बोलला नाही, असं म्हणतात. एवढं सगळं झाल्यावर कोण बोलेल?

लखू गेला, देवकी गेली, त्यांची नातवंडंही म्हातारी झाली. मग कधीतरी ते घर उतरवायचं ठरलं. घरात माणसं तोवर दुसरी होती, आढ्यातल्या सावलीचा धनी कधीच निघून गेला होता, म्हणून भीती वाटली नाही. आढं दोरांनी खाली घेतलं, अंगणात ठेवलं. एका भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीच्या आतल्या कडेपर्यंत कुणी फीत लावून अंतर घेतलं होतं. सहज म्हणून तीच फीत आढ्याला लावली. आढं एक वीत आणि चार बोटं कमी भरलं. वखारीत जेवढं कापलं होतं तेवढंच. त्या टोकाला ना पट्टे होते, ना खूण, नुसता करवतीचा माग होता. इतकी वर्षं ते भिंतीला भिडून होतं ते कसं, असा प्रश्न तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला पडला. संध्याकाळच्या आत सगळ्यांनी मिळून ते पुन्हा वर चढवलं. ते पुन्हा पोहोचलं. आज त्या जागी चिऱ्यांचं नवं घर आहे, वर कौलं आहेत, पण आढं तेच आहे.

धामणवेळ्याला आता पूल आहे. वखारीच्या जागी पट्ट्यावर चालणारी सॉ मिल आहे, लाकूड ट्रकातून येतं, आठ फुटी, दहा फुटी, बारा फुटी. चार इंची म्हणून दिलेलं लाकूड रंधा मारल्यावर साडेतीन भरतं, तेव्हा नवखा माणूस कुरकुरतो आणि जुना म्हणतो, वलं लाकूड फुशारकी मारतं. मापून घ्यायला आलेल्याला गिरणीवाला अजून पहिला प्रश्न तोच विचारतो, "दोरी कोरडी हाय काय?" आता दोरी घेऊन कोण येतं? हातात टेप असतो, मोबाईल असतो. तरीही तो विचारतो, आणि आलेला माणूस उन्हाकडे तोंड करून उभा राहतो आणि खरं सांगतो. नेमकं मोजलं नसेल तर तसं सांगून परत जातो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मापापुढे वीतभर जास्त सोडून मगच कोळशाची रेघ ओढतात. त्या जास्तीच्या विती​ला येसाक्काची वीत म्हणतात. ती कापत नाहीत. म्हणून त्या मुलखात कुठल्याही घराकडे बघा, आढ्याचं टोक भिंतीच्या बाहेर वीतभर आलेलं दिसेल. त्यावर कुणी काही वाळत घालत नाही.

आणि घरात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी त्याला बाहेर आणतात, कुणीतरी शिडीवर चढतं आणि त्या टोकाला मुलाचा हात लावतं. तान्ह्या पोराची मूठ घट्ट असते, तुम्हाला ठाऊकच आहे, उघडू म्हटली तरी उघडत नाही. तिथं मात्र ती आपण होऊन उघडते. अंगठा एकीकडे, करंगळी एकीकडे, जाईल तेवढा पंजा ते लाकडावर पसरतं आणि मग रडायचं थांबतं. खाली उभी असलेली माणसं तेव्हा एकच शब्द म्हणतात, तो मी सांगायला नको.